पिवळ्या कोषांची चंद्रिका

मित्रांनो, चंद्रिका म्हटले की तुम्ही वर आभाळाकडे बघाल. बघू नका. जरा खाली, त्या चुना दिलेल्या भिंतीकडे बघा. खिळ्याला अडकवलेली, मोठ्या परातीपेक्षाही मोठी, गोल, बांबूची, आत चक्रीसारखी वळणे असलेली आणि एका कडेला उसवून पुन्हा बांधलेली अशी जी जुनी चंद्रिका दिसते ना, ती मी. रेशमाच्या अळ्या माझ्या वळणांत बसून आपले कोष विणतात. तेवढ्यापुरते मला खाली उतरवतात. एरवी मी भिंतीला पाठ लावून वाट बघते, आणि वाट बघणाऱ्याला फार दिसते.

मी जे पाहिले ते सगळे खाण्याविषयी आहे. कोण काय खातो, आणि खाल्लेल्याचे पुढे काय करतो.

मी बांबू होते तेव्हा मीही जेवत होते. मुळांनी पाणी ओढायचे, पानांनी हवा आत घ्यायची आणि उन्हाच्या आचेवर दोन्ही मिळून गोड रस करायचा. त्या रसावर मी सरसर वाढले. मग बुरूडमामांनी मला तोडले, चिरले, पट्ट्या तासल्या आणि गुडघ्याखाली दाबून विणायला घेतले. मामांच्या बोटांना घट्टे होते. पण पट्टी वळवताना ते असे वळवत, जणू रुसलेल्या लेकीची वेणी घालताहेत. तेव्हापासून माझे जेवण संपले. म्हणून तर जेवणाऱ्यांकडे बघायला मी मोकळी झाले!

मामांकडून मला मोठीबाई घेऊन आली. सारी गल्ली तिला मोठीबाई म्हणे. उंचीने ती दाराच्या वरच्या कडीलाही पुरत नसे. मोठा होता तो तिचा आवाज. घराच्या मागच्या अंगाला तिची अळ्यांची खोली होती. खिडक्यांना बारीक जाळी, मधोमध लाकडी मांडणी, मांडणीवर एकावर एक बांबूच्या परड्या, आणि खिडकीबाहेर तुतीच्या झाडांची रांग.

तुम्हाला तुतीचे पान दिसते, मला तिथे चूल दिसते. धूर नाही, राख नाही, भांड्यांचा आवाज नाही. पानोपानी स्वयंपाक चाललेला असतो. झाड तो स्वतःसाठी रांधते. त्यातूनच फांदी करते, मूळ करते, नवा कोंब काढते. अळी मात्र न बोलावता जेवायला येऊन बसते. अंड्यातून निघते तेव्हा काळ्या दोऱ्याच्या कातरणाएवढी असते. खाते, निजते, अंगाला घट्ट झालेली कात टाकते, उठून पुन्हा खाते, आणि होता होता करंगळीएवढी होते. ती वेगळे पाणी पीत नाही, तिचे पाणीही पानातच. खाल्लेल्यातले थोडे चालायला, थोडे वाढायला, आणि बाकीचे ती पोटातल्या दोन लांब नळ्यांत रेशीम करून साठवते. तिची लेंडी पुन्हा तुतीच्या मुळाशी जाते. मोठीबाई म्हणायची, “माझ्या पोरी जेवतात आणि ताट धुऊन परत देतात. माणसांना शिकवा हे.”

पाला घालताना ती गुणगुणायची.

ऊन शिजे पानोपानी
पान खाई अळीराणी
तिच्या पोटाची कहाणी
सुतावर

खोलीचे नियम कडक होते. ओले पान घालायचे नाही. निजलेल्या अळीला हलवायचे नाही. आणि वास! अळीला आपल्यासारखे नाक नाही, पण तोंडाजवळच्या बारीक अवयवांनी तिला पानाचा वास कळतो. त्या वासाच्या बोटाला धरून ती जेवणापर्यंत जाते. दुसरा उग्र वास मध्ये आला की तिची वाटच चुकते. एकदा शेजारची शिंपीणकाकू गप्पा मारायला आत आली. मोठीबाईने उंबऱ्यातच तिला अडवले.

“काय लावलंयस डोक्याला?”

“गुलाबाचं तेल. नवीन आणलंय. बघ ना कसं घमघमतंय.”

“तेच म्हणते. घे ते आणि बाहेर हो. माझ्या पोरी जेवायला बसल्यात.”

“अगं, किड्यांसाठी मैत्रिणीला हाकलतेस?”

“मैत्रीण संध्याकाळी परत येईल. यांचं तोंड एकदा फिरलं की फिरलं.”

शिंपीणकाकू फणकारत गेली आणि संध्याकाळी, डोके धुऊन, परत आली.

मोठीबाईच्या पोरी साऱ्या गल्लीत निराळ्या होत्या. बाकीच्या घरांत पांढरे, टपोरे कोष करणाऱ्या अळ्या आल्या होत्या. मोठीबाईच्या अळ्या लहान, आणि त्यांचे कोष पिवळे, पिकल्या लिंबासारखे. तो रंग कुणी लावलेला नसतो, मित्रांनो. तुतीच्या हिरव्या पानात पिवळा रंगही लपलेला असतो. ही अळी तो वेचून घेते आणि थेट सुतात उतरवते. हे वाण मोठीबाईला तिच्या सासूने दिले होते. कोष उकळून सूत काढणे तिने कधीच सोडले होते. ती अळ्या पाळायची ती बियाण्यासाठी. कोषातून पाखरू सुखरूप बाहेर येऊ द्यायचे, त्याला कागदावर अंडी घालू द्यायची, आणि तो कागद घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात पुढच्या हंगामासाठी जपायचा.

हळूहळू दुसऱ्या घरांतले उरलेसुरले पिवळे वाणही संपले. कुणाकडे उंदरांनी खाल्ले, कुणी कंटाळून सोडले. शेवटी सगळे पिवळे वाण एका कागदावर येऊन बसले, आणि तो कागद आमच्या घरात होता.

त्याच सुमारास प्लास्टिकच्या घडीच्या जाळ्या बाजारात आल्या. धुवायला सोप्या, ठेवायला सुटसुटीत. अळ्या त्यांच्यातही मजेत कोष करायच्या. खोटे कशाला बोलू? मला मात्र कुणी खाली उतरवेना. एक हंगाम गेला, दुसरा गेला. माझ्यावर कोळ्याने घर केले. तो बिचारा जाळे टाकून माशीची वाट बघत बसायचा, मी माझ्या अळ्यांची. आमचे बरे जमले.

आणि मग मोठीबाई पडली. तुतीच्या वाफ्यात पाय घसरला आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी खांदा बसवून दिला, हात झोळीत अडकवला आणि चोळायला बाम दिला. हात हलवायचा नाही म्हणाले. नेमक्या त्याच दिवसांत अंडी फुटली होती.

अळ्या सुनेच्या हाती आल्या. घरात तिला धाकटी म्हणत. तिच्या माहेरी कुणी अळ्या पाळलेल्या नव्हत्या. लग्न होऊन आली तेव्हा ती अळीला हात लावायलाही घाबरे. कोंबडीच्या पिसाने लांबून सरकवायची. आता तिच्यावर सगळी खोली पडली. मोठीबाईचे सासूपण काही स्वस्थ बसणारे नव्हते. तिने मांडणीला लागून खुर्ची टाकली आणि तिथेच मुक्काम ठोकला.

“पाला जाड झाला. बारीक चिर.”

“चिरते, आई.”

“अशी फेकू नकोस. वाढ. जेवायला वाढतो तशी वाढ.”

“हो, आई.”

“आबांना सांग, कोवळा पाला कालच्यासारखा कोमेजलेला नको.”

आबा म्हणजे मोठीबाईचे यजमान. पाला तोडायचे काम त्यांचे. ते दारातूनच म्हणाले, “मला काही सांगू नका. मी आणि तुतीचं झाड, दोघंही मुकाट्यानं उभे राहतो.”

तरी धाकटी शिकली. परडी कशी बदलायची, निजलेली अळी कशी ओळखायची, सगळे तिच्या बोटांत बसले. सकाळ-संध्याकाळ ती सासूच्या खांद्याला बाम चोळायची, साबणाने हात धुवायची, आणि मग पाला घालायची. बामाची पहिली डबी संपली तेव्हा डॉक्टरांनी दुसरा, जास्त कडक बाम दिला. त्याच वेळी अळ्या शेवटच्या झोपेला गेल्या. ही झोप मोडली की त्या अशा खातात की परडीत घातलेला पाला बघता बघता काड्यांपुरता उरतो. साऱ्या आयुष्याचे बळ त्या याच जेवणात साठवतात. कोषातही ते पुरवायचे असते, आणि पाखरू झाल्यावरही.

अळ्या जाग्या झाल्या. धाकटीने ताजा पाला घातला. अळ्यांनी माना वर केल्या, डावीकडे फिरवल्या, उजवीकडे फिरवल्या, आणि पानाला तोंडच लावले नाही.

संध्याकाळपर्यंत खोली गप्प होती. अळ्यांची खोली गप्प म्हणजे एकही तोंड चालत नाही, हे मला ठाऊक होते.

“पाला बदल,” मोठीबाई म्हणाली. पाला बदलला. “दुसऱ्या रांगेतला आण.” तोही आणला. खिडक्यांवर ओले फडके टाकून झाले, फडके काढून झाले. काही परड्यांत थोडे कुरतडल्यासारखे दिसे. मांडणीच्या मधल्या परड्यांत तर पान होते तसेच होते. अळ्यांची अंगे सुरकुतायला लागली.

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले. “आई, माझ्या हातून काही चुकलं का?”

मोठीबाईचा आवाज पहिल्यांदा लहान झाला. “ते नंतर बघू. या पोरी गेल्या तर पिवळं गेलं. दुसरीकडे कुठं राहिलेलंच नाही, परत आणायचं म्हटलं तरी.” मग ती सावरून बसली. “अहो! आत या. ज्या अजिबात खात नाहीत त्या परड्या माझ्या पायाशी ठेवा. मी नजर ठेवते. ज्या जरा खातात त्या तिकडे दाराशी न्या, म्हणजे यांचा रोग त्यांना लागायला नको.”

आबांनी परड्या उचलल्या. आबा पाला तोडण्यात वाकबगार, पण परडी ओळखण्यात जेमतेम. त्यांनी एक न खाणारी परडी दाराशी नेली आणि एक खाणारी परडी मोठीबाईच्या पायाशी आणून ठेवली. मी भिंतीवरून सगळे बघत होते. मला ओरडता येत असते तर मी ओरडले असते. बरे झाले येत नाही ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी दारातच थबकली. दाराजवळच्या त्या परडीत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या.

“आबा, ही कुठली परडी?”

“खाणारी.”

“हिच्या कडेला मी लाल दोरा बांधलाय. ही न खाणारी.”

“मग काल मी...” आबांनी डोके खाजवले.

मोठीबाई कडाडली, “अहो, साधी परडी ओळखता येत नाही? माझ्या पायाशी काय ठेवलंत मग?”

तिच्या पायाशी ठेवलेली परडी काल संध्याकाळपर्यंत खात होती. आज तिच्यात हिरवागार पाला जसाच्या तसा पडला होता आणि अळ्या माना वर करून हवेत काहीतरी शोधत होत्या.

धाकटी त्या परडीपाशी बसली. तिने एक पान उचलून नाकाशी नेले. मग परडीची कड हुंगली. मग मोठीबाईच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेला पंचा हुंगला. मग स्वतःचे, साबणाने धुतलेले हात. आणि ती एकदम उठून बाहेर गेली. दारापलीकडची कुजबुज मला ऐकू येत होती.

“आबा, तुम्ही सांगा ना त्यांना.”

“मी? छे छे. मला अजून या घरात राहायचंय.”

“मग मी कसं सांगू?”

“तू परवा परडीतला साप काठीनं बाहेर काढलास. हे त्याहून थोडंच अवघड आहे.”

धाकटी आत आली. पदर खोचलेला, चेहरा पांढरा.

“आई, तुम्ही बाहेर बसा.”

“काय?”

“बामाचा वास. तुमच्या खांद्याला आहे, खुर्चीला आहे, माझ्या हातांना आहे. जिथं तुम्ही बसता तिथल्या परड्या खात नाहीत. दाराशी नेली ती खायला लागली.”

“मला बाहेर काढतेस? माझ्या खोलीतून?”

“तुमच्या नाही, आई. त्यांच्या खोलीतून.”

मित्रांनो, त्या क्षणी माझ्यावरच्या कोळ्यानेसुद्धा पाय आखडून घेतले. मोठीबाईने मान वळवून खांद्याचा वास घेतला. तिला काही कळेना. रोजचा वास नाकाला कळतच नाही. तिने खिडकीकडे तोंड करून हाक मारली.

“शिंपीणबाई! ये जरा इकडे. मला वास येतो का बघ.”

शिंपीणकाकूने जाळीबाहेरूनच नाक दाबले. “येतो का म्हणजे? दवाखाना अंगावर घेऊन बसलीयस! मला वाटलं, तुला ठाऊक आहे. गुलाबाच्या तेलाला हाकललंस, मग म्हटलं बामाची परवानगी असेल.”

मग मोठीबाई हसायला लागली. झोळीतला हात धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “नियम माझा आणि मीच मोडत बसले होते होय!” ती उठली. “उचला ती खुर्ची. पंचा जाळा... नको, धूर होईल. धुवायला टाका. धाकटे, तू मला आता हात लावायचा नाहीस. बाम शिंपीण चोळेल.”

“चोळते की,” शिंपीणकाकू म्हणाली. “आणि चांगली जोर लावून चोळते!”

मोठीबाई खोलीबाहेर पडली, पण मान ताठ ठेवून, लढाईवर निघालेल्या राणीसारखी.

धाकटीने खोली सगळी उघडली. वारा आरपार गेला. जमीन नुसत्या पाण्याने पुसली. आंघोळ करून, धुतलेले लुगडे नेसून, राखेने हात घासून ती परत आली. सगळा जुना पाला काढला, परड्या बदलल्या. आबांनी ताजा पाला दारात आणून ठेवला. धाकटीने तो फेकला नाही, वाढला. मग ती मागे सरून उभी राहिली.

एका अळीने मान खाली घातली. पानाची कड तोंडात धरली आणि वरून खाली, वरून खाली, कमानीसारखी कातरत गेली. तिच्या शेजारच्या अळीने सुरुवात केली. मग तिच्या शेजारचीने. आणि आवाज सुरू झाला! शंभर जणी दुसऱ्या गल्लीत बसून नवे कापड टराटरा फाडताहेत असा, बारीक, अखंड, भुकेला आवाज. तो एका परडीतून दुसऱ्या परडीत चढत गेला, मांडणीच्या टोकापर्यंत गेला, भिंतींना लागला. माझ्या पट्ट्यांतून तो झणझणत फिरला.

भिंतीच्या पलीकडून मोठीबाईचा आवाज आला, पहिल्यासारखाच मोठा. “धाकटे! ऐकू येतंय गं मला! कान लावून बसलेय. जेवतायत माझ्या पोरी!”

“जेवतायत, आई!”

“हात आखडू नकोस! आणखी वाढ!”

त्या दिवसांत आबांच्या कात्रीला उसंत नव्हती. अळ्या खात गेल्या आणि तुतीची रांग खालून वर उघडी पडत गेली. पण झाडाला त्याची काळजी नव्हती. मुळांत त्याचीही शिदोरी साठवलेली होती, आणि पानांच्या बेचक्यांतून नव्या कोंबांनी डोळे उघडले होते. अळ्या फुगल्या. मग एके सकाळी त्यांनी आपणहून खाणे थांबवले. या वेळी कुणी घाबरले नाही. त्यांची अंगे उजेडात धरली तर आरपार दिसत होती, पिवळसर, मधासारखी. पोट भरले होते. आता विणायचे होते.

साऱ्या जणी एकदम पिकल्या. प्लास्टिकच्या जाळ्या भरून गेल्या, तरी परड्यांत अळ्या उरल्याच. माना उंच करून जागा शोधत फिरू लागल्या. धाकटीने चौफेर पाहिले आणि तिची नजर माझ्यावर आली.

“आबा, तिला उतरवा!”

मी खाली आले, मित्रांनो! माझा कोळी हळूच उचलून खिडकीत ठेवला गेला. धाकटीने माझी उसवलेली कड बांधली, मला उन्हात तापवले आणि एकेक अळी माझ्या वळणांत सोडली. त्यांच्या पायांच्या गुदगुल्या किती वर्षांनी झाल्या मला! त्यांनी आधी इकडून तिकडे धागे ताणून आधार केला. मग डोके डोलवत, इंग्रजी आठाचा आकडा काढत, विणणे सुरू झाले. खाल्लेले ऊन तोंडातून धागा होऊन बाहेर येत होते. आतली अळी दिसेनाशी झाली आणि माझ्या साऱ्या अंगावर पिवळे दिवे लागले. एकही वळण रिकामे राहिले नाही.

कोषाच्या आत अळीने आपले शरीर मोडले आणि नवे घडवले. पंख, मिशा, डोळे. सामान कुठून आणले? बाहेरून एक कणही नाही. सगळे त्या जेवणातून. मग एका पहाटे कोषाचे टोक ओले झाले आणि पांढरे, केसाळ पाखरू बाहेर आले. दुसरे आले. खोलीभर फडफड झाली. या पाखराला खाताच येत नाही. तसे तोंडच नाही त्याला. अळीने जे खाल्ले तेवढ्यावर ते जगते, जोडीदार शोधते, अंडी घालते. त्या अळ्या उपाशी राहिल्या असत्या, तर ही पाखरे कुठल्या बळावर कोष फोडून आली असती?

मोठीबाईचा हात झोळीतून सुटला तेव्हा कागदांवर अंड्यांची नक्षी पडत होती. ती आली आणि उंबऱ्यावर थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली.

“धाकटे, येऊ का आत?”

धाकटीने पुढे होऊन तिच्या खांद्याचा वास घेतला. मग हसली. “या, आई.”

मोठीबाईने कागद पाहिले. एक नव्हे, कितीतरी होते. ते तिने एकेक करून मोजले. मग म्हणाली, “एकाच घरात ठेवलं, तेच चुकलं. आता हे सगळ्या गल्लीत जायला हवं.” ते तिने धाकटीच्याच हातांनी वाटायला लावले. शिंपीणकाकूने पहिला कागद घेतला. “मी तेल सोडते,” ती म्हणाली, “पण मला शिकवायला धाकटी हवी. तू नकोस, तू ओरडतेस.”

आता खिडकीबाहेर बघा. या गल्लीतल्या किती परसांत तुती लागली आहे! किती घरांतून ते कापड फाडल्यासारखे भुकेले आवाज येतात! मी जुनी झाले, माझ्या कडा झिजल्या, पण हंगामात मला आता भिंतीवर राहायला फुरसत नसते. या घरातून त्या घरात, डोक्यावर मिरवत नेतात मला.

तुम्हाला एवढेच सांगते, मित्रांनो. तुमच्या अंगणातल्या रोपाने मान टाकली, घरातल्या मांजराने दूध तसेच ठेवले, किंवा धाकट्या भावाने ताट सरकवले, तर लगेच त्याच्यावर डोळे वटारू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा. तिथे ऊन येते का, वारा येतो का, कसला वास येतो, ते बघा. नडणारी गोष्ट सापडली की ती बाजूला करा, मग ती कितीही मोठी असो. आणि पुन्हा वाढा.

ते जेवायला लागतील. माझ्यासारखे कान देऊन ऐका तेव्हा.